अंगावर घ्यायची रक्कम

नौपाडा, ठाणे
दि. ६ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. अण्णांस,
ऋजुताचा शि. सा. न. वि. वि.

एका गावाएवढ्या अंतरावरून सुनेचं पत्र आलं म्हणून घाबरू नका, सगळे खुशाल आहोत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र शिट्टी मारतं. व्हॉट्सअॅपवर टाकावं तर तुमचा मोबाईल आई वाचतात आणि माझा सौमित्र. म्हणून पोस्टाचं तिकीट आणलं. शेजारच्या दुकानदाराने ते कुठल्यातरी खणातून शोधून काढलं.

विषय असा. दापोलीला शांतामावशींचं सहस्रचंद्रदर्शन एकवीस डिसेंबरला आहे. आई सगळ्यांना सांगतात की व्हिडिओ कॉलवर बघेन, खुब्यातल्या रॉडने एसटीची पायरी चढवत नाही. पण गेल्या आठवड्यात मी डोंबिवलीला आले तेव्हा त्या कपाटाशी उभ्या होत्या. मावशींसाठी घेतलेलं इरकली लुगडं काढून, घडी मोडून, पुन्हा तशीच घालून ठेवत होत्या. मला बघून म्हणाल्या की कसर लागली का ते पाहत होते.

मी त्यांना गाडीने नेणार आहे, आणि चालवणार मी आहे. एप्रिलमध्ये सकाळचा क्लास लावला होता, मे महिन्यात लायसन्स आलं. घरात कुणाला माहीत नाही. सौमित्रला वाटतं मी योगासनांना जाते. ड्रायव्हरसकट गाडी मिळते, पण अनोळखी माणसाच्या मागे बसून घाट उतरायची भीती वाटते असं आई स्वतः म्हणाल्यात. त्या अपघातानंतर ते स्वाभाविकच आहे.

आता अडकलेय ती विम्यापाशी. चार दिवसांसाठी गाडी भाड्याने घ्यायची. गाडीला कंपनीचा विमा असतोच, पण काही नुकसान झालं तर पहिली ठरावीक रक्कम आपण भरायची, तिला ते एक्सेस म्हणतात. त्याचे तीन प्लॅन आहेत. पहिला फुकट, पण एक्सेस पंचवीस हजार. दुसऱ्याला रोजचे साडेतीनशे, एक्सेस दहा हजार. तिसऱ्याला रोजचे सहाशे, मग फक्त दोन हजार. शिवाय इंटरनेटवर एक वेगळीच वार्षिक पॉलिसी दिसते, ती म्हणते की एक्सेस आम्ही देऊ. माझा कल फुकटवाल्याकडे आहे. चौतीस वर्षं मोटारींचे दावे तपासलेला माणूस घरात असताना मी यूट्यूबवर का शोधू, म्हणून विचारते.

आईंना यातलं कळू देऊ नका. तब्येत सांभाळा, माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
ऋजुता


डोंबिवली पूर्व
दि. ११ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ऋजुतास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोहोचले. पोस्टमनने ते तुझ्या सासूच्या हाती दिले आणि ती दिवसभर माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मी सांगितले, पेन्शनविषयी काही विचारले आहे. सत्तरी ओलांडल्यावर बायकोशी खोटे बोलण्याची पाळी तू आणलीस, याची नोंद घेतली आहे.

गाडी शिकलीस याचा फार आनंद झाला.

आता कामाचे. फुकटचा प्लॅन घेऊ नये. पंचवीस हजार डोक्यावर घेऊन जो चालवतो तो रस्त्याकडे पाहत नाही, पत्र्याकडे पाहतो. घाटात ते बरे नव्हे. माझा साधा नियम सांगतो. जी रक्कम भरावी लागली तर आपला महिना कोलमडणार नाही, तेवढीच आपल्या अंगावर घ्यावी. तुमच्या दोघांच्या पगारात दहा हजार टोचतील, पण मोडणार नाही. मधला घे. तिसऱ्याचे रोजचे सहाशे मला जास्त वाटतात. आणि त्यातही टायर, काच, गाडीचा खालचा पत्रा आणि हरवलेली किल्ली वगळलेलीच असणार, वाचून बघ. महाग घेतले म्हणजे सगळे आले असे नसते.

वार्षिक पॉलिसीचा नाद सोड. तिच्यात पैसे आधी आपण गाडीवाल्याला भरायचे आणि मग कागद जोडून परत मागत बसायचे. वर्षातून पाच-सहा वेळा गाडी घेणाऱ्याला ते परवडते. एकदा दापोलीला जाणाऱ्याला नाही.

गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी, छपराचा आणि चाकांचा व्हिडिओ काढ, आणि तो तिथल्या माणसासमोर काढ. चालवणाऱ्याचे नाव करारात हवेच. नाव नसलेला माणूस चाकामागे बसला आणि काही झाले, तर कुठलाच प्लॅन उपयोगाचा नाही. चालकाच्या अटी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतात, त्या आधी वाच.

सौमित्र चालवणार नाही हे तू गृहीत धरले आहेस. त्याविषयी मला काही लिहायचे नाही.

तुझ्या सासूचे, उत्तराचे, गुडघे थंडीने धरले आहेत, बाकी ठीक. आमचा लोभ तुला माहीत आहे, तो मागण्याची गरज नाही.

अण्णा


नौपाडा, ठाणे
दि. १७ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं शेवटचं पान आधी वाचलं आणि तिथेच बसले. चालवणाऱ्याचं लायसन्स किमान वर्षाचं जुनं हवं. माझं सहा महिन्यांचं. आणखी दोन ठिकाणी फोन केले, तिथेही तेच. एकजण तर म्हणाला की मॅडम, मे महिन्यात या, आंबे पण मिळतील.

म्हणजे उरला तो सौमित्र. त्याचं लायसन्स अठरा वर्षांचं आहे आणि पावणेतीन वर्षं ते पाकिटातून बाहेर आलेलं नाही. मी त्याला काल सगळं सांगितलं, क्लाससुद्धा. तो रागावला नाही. मला म्हणाला की छान केलंस, आणि मग उठून भांडी घासायला लागला. रविवारी आमच्याकडे बाई येते हे त्याला माहीत आहे.

अण्णा, आता जे लिहिते त्याला धिटाई म्हणा हवं तर. त्याने मला एकदाच सांगितलंय. शीळफाट्याच्या अपघातानंतर विम्याचा फॉर्म तुम्ही भरलात, त्याने फक्त सही केली. अपघाताचं कारण या रकान्यात तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, चालकाचा निष्काळजीपणा. आई तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. त्याने वाचलं, सही केली, पेन तुम्हाला परत दिलं. पैसे मिळाले, गाडी विकली, आणि त्या दिवसापासून तो तुमच्याशी हवापाण्याचंच बोलतो. मला आधी वाटायचं तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून.

मी तुम्हाला दोष देत नाहीये. तुम्ही जे पाहिलंत ते लिहिलंत, एवढं मी तुम्हाला ओळखते. पण तो माझ्या सांगण्याने गाडीला हात लावणार नाही. तुमच्या सांगण्याने लावेल का, हे मला माहीत नाही. बुकिंग तीस तारखेपर्यंत धरून ठेवलंय, मधल्या प्लॅनवर. चालकाचं नाव रिकामं आहे.

चुकले असेन तर पदरात घ्या.

ऋजुता


डोंबिवली पूर्व
दि. २२ नोव्हेंबर २०२५

चि. सौमित्रास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला पत्र लिहून बरीच वर्षे झाली. तू वसतिगृहात होतास तेव्हा लिहीत असे, आणि त्यातही बहुधा मार्कांबद्दलच.

चौतीस वर्षांत मी परक्यांच्या गाड्यांसाठी कसारा घाटात उभा राहिलो, आंबिवलीच्या फाटकाशी उभा राहिलो, एकदा उल्हास नदीत गुडघाभर पाण्यात उतरलो. जागा पाहिल्याशिवाय अहवाल लिहायचा नाही, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला शिकवले. तुझ्या वेळी मी जागा पाहिली नाही. गॅरेजमध्ये जाऊन गाडी पाहिली. पुढचा डावा भाग चेपला होता, उभ्या डंपरवर आदळली होती. उभ्या वस्तूवर गाडी आदळली म्हणजे चूक चालकाची, हे मी इतक्यांदा लिहिले होते की हात आपोआप चालला. तू म्हणालास की स्कूटर आडवी आली. माझ्या नोकरीत दर दुसऱ्या दाव्यात एक स्कूटर असायची आणि ती नेहमी निघून गेलेली असायची. तुझी आई शुद्धीवर आल्यावर म्हणाली की त्याची चूक नव्हती. आई म्हणून म्हणते आहे असे समजून मी तिला पुढे विचारलेच नाही.

या वर्षी जानेवारीत मी एक दिवस रिक्षाने शीळफाट्याला गेलो. कुणाला सांगितले नव्हते. तिथे दुभाजक फोडून लोकांनी वाट केली आहे, आणि तिच्याअलीकडे जाहिरातीचा मोठा फलक आहे. मी रस्त्याच्या कडेला गाडीच्या सीटच्या उंचीवर वाकून पाहिले. अगदी जवळ येईपर्यंत ती वाट दिसत नाही. पाऊण तासात तिथून चार स्कूटर निघाल्या.

घरी आलो आणि गप्प बसलो. फाइल बंद झाली आहे, असे स्वतःला सांगितले. कंपनीची झाली होती. तुझी झाली नव्हती हे मला दिसत होते, दर रविवारी जेवताना दिसत होते. दहा महिने मी ते तोंडातून काढले नाही, कारण चुकलो असे लिहायची मला सवय नाही.

तेव्हा आता लिहितो. त्या रकान्यात मी लिहिले ते चूक होते. जागा न पाहता लिहिले.

गाडी चालवायची की नाही ते तू ठरव. मी सांगतो म्हणून चालवू नकोस. चालवणार असलास, तर मला पुढच्या सीटवर बसायला आवडेल.

तुझा,
अण्णा


ठाणे
दि. २८ नोव्हेंबर

ती. अण्णा,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. उत्तर लिहायला बसलो की जमत नाही, म्हणून एवढंच. काल संध्याकाळी करारात चालक म्हणून माझं नाव घातलंय. दोन रविवार ऋजुताच्या क्लासवाल्याकडे जाऊन हात बसवून घेणार आहे. ती मला क्लच शिकवते, तेही सहन करतोय.

आईला आता सांगायला हरकत नाही.

सौमित्र


डोंबिवली पूर्व
दि. २५ डिसेंबर २०२५

चि. सौ. ऋजुतास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी रजा नामंजूर झाली असे सौमित्र म्हणाला. तू ती मागितलीच नव्हतीस असा मला दाट संशय आहे. आम्हा तिघांना एका गाडीत कोंडून तू घरी राहिलीस, तर निदान वृत्तांत तरी तुला मिळायला हवा.

एकोणीस तारखेला सकाळी साडेसहाला निघालो. उत्तरा मागे पाय लांब करून बसली, मी पुढे. काळ्या नंबरप्लेटची गाडी सोसायटीत उभी पाहून वॉचमनने विचारले की साहेब, नवीन घेतली का. सौमित्रचे हात पहिली दहा मिनिटे स्टिअरिंगवर फार घट्ट होते. शीळफाटा आला तेव्हा उत्तराने डोळे मिटून घेतले, मी रस्त्याकडे पाहत राहिलो. तो चाळीसच्या वेगाने सरळ निघून गेला. पनवेलच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा त्याने दोन वडापाव खाल्ले. मला ते बरे लक्षण वाटले.

शांताताईंनी बहिणीला पाहिले आणि हात धरून ओट्यावर आपल्याशेजारी बसवले. मग इरकली निघाले. रंग पसंत पडला नाही हे शांताताईंनी लगेच सांगितले, आणि समारंभाला नेसल्या मात्र तेच. उत्तरा तीन दिवसांत जेवढी बोलली तेवढी इथे तीन महिन्यांत बोलत नाही.

आता वाईट बातमी. निघताना घरापुढच्या बोळातून गाडी मागे घ्यायची होती. मागे उभा राहून हाताने खुणा करायचे काम मी आपणहून घेतले. येऊ दे, येऊ दे असे मीच दाखवत होतो. सौमित्र ओरडून काहीतरी विचारत होता, ते मला ऐकू आले नाही. गाडी कुंपणाच्या, चिऱ्याच्या गडग्याला लागली, मागचा बंपर डाव्या अंगाला फाटला. नुकसानीच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात मी स्वतः लिहिले आहे की मागे उभ्या असलेल्या माणसाने चुकीची खूण केली. गाडीवाल्याच्या माणसाने असे कारण पूर्वी कधी वाचले नव्हते.

खर्च सहा हजार आठशे आला. दहा हजारांच्या आत, म्हणून सगळा आपल्यालाच भरावा लागला. तू तिसरा प्लॅन घेतला असतास तर दोन हजारांत सुटलो असतो. सल्ला माझा, खूण माझी, तेव्हा पैसे मी भरले. सौमित्रशी यावर वाद घालू नकोस. तरीही पुढल्या वेळी मी मधलाच घ्यायला सांगेन, फक्त मला गाडीमागे उभे करू नका.

आणखी एक. उत्तराला घरी सोडून गाडी परत करायला मी त्याच्याबरोबर ठाण्याला गेलो होतो, तपासणीच्या वेळी हजर असावे म्हणून. वाटेत काटईपासून तो बोलायला लागला. माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत, एकसारखा बोलत होता. मुंब्र्यापर्यंत बोलला. मला एक शब्द कळला नाही, आणि यंत्र खिशात होते. ते काढून कानात घालावे असे दोनदा मनात आले, पण मी हललो असतो तर तो थांबला असता. म्हणून तसाच बसलो.

तो काय बोलला ते त्याला लिहून पाठवायला सांग. मी विचारले असे सांगू नकोस, किंवा सांग, तुला योग्य वाटेल तसे.

तुम्हा दोघांना उदंड आशीर्वाद.

अण्णा


ठाणे
दि. ३० डिसेंबर

ती. अण्णा,
सा. न. वि. वि.

ऋजुताने तुमचं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः बाजारात निघून गेली.

तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणूनच बोलत होतो. यंत्र खिशात आहे हे मी बघितलेलं. आता लिहायचं म्हणजे जड जातंय, पण तुम्ही तुमचं लिहिलंत, तर मी माझं लिहितो.

त्या दिवशी आईला डॉक्टरकडून घेऊन येत होतो. फलकाच्या मागून स्कूटर आली. चालवणारी बाई होती आणि पुढे उभं एक लहान मूल होतं, लाल टोपी घातलेलं. ब्रेक मारून गाडी थांबणार नाही हे मला कळलेलं. उजवीकडे दुभाजक, समोर ते दोघं, डावीकडे डंपर. मी डावीकडे घेतली. अण्णा, डाव्या बाजूला आई बसलीय हे मला तेव्हा माहीत होतं. लोक म्हणतात अशा वेळी काही सुचत नाही. मला सुचलं. आई त्या बाजूला आहे, हे डोक्यात आलं आणि तरी मी स्टिअरिंग फिरवलं.

तुम्ही फॉर्मवर लिहिलंत ते वाचून मला राग आला नव्हता. मला वाटलं, अण्णांनी कमीच लिहिलंय. निष्काळजीपणा नव्हताच तो. मी बघून, समजून आईला पुढे केलं. हे कुणाला सांगणार. आईला तर नाहीच. ती काठी टेकत दार उघडायला येते तेव्हा मी तिच्या पायांकडे बघत नाही.

तुमचं पत्र वाचून वाटलं, जागा बघितलीत, आता हेही तुमच्याकडे असू दे. माणूस म्हणून तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. जुन्या सवयीने अहवाल लिहिलात तरी चालेल.

नमस्कार.

सौमित्र


डोंबिवली पूर्व
दि. ३ जानेवारी २०२६

चि. सौमित्रास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र काल दुपारी आले. तू आईला सांगू नको असे लिहिलेले नाहीस, आणि असतेस तरी मी ऐकले नसते. एकदा तिला विचारायचे टाळून मी काय केले ते तुला माहीत आहे. म्हणून तिला समोर बसवून सगळे वाचून दाखवले. मला ऐकू येत नाही त्यामुळे माझा आवाज किती मोठा होतो कल्पना नाही, शेजारच्या वैशालीताईंनी खिडकी लावून घेतली.

लाल टोपीपाशी आल्यावर उत्तराने मला हाताने थांबवले. तिचे बोलणे मी यंत्र लावून ऐकले, शब्द चुकू नये म्हणून कागदावर लिहूनही घेतले.

ती टोपी तिलाही दिसली होती. तुझ्या आधी दिसली, कारण ती उंच मान करून समोर पाहत होती. आणि ती ओरडली की डावीकडे घे. तुला ते आठवत नाही, हे तिला आजवर ठाऊक नव्हते. ती शुद्धीवर आल्यावर तू तिच्या नजरेला नजर देईनास, मग गाडी सोडलीस. तिने त्याचा अर्थ असा लावला की तिच्या ओरडण्याने तू गोंधळलास, गाडी आदळली, आणि त्याबद्दल तू तिला मनातून क्षमा केलेली नाहीस. तुझी चूक नव्हती असे ती मला हॉस्पिटलमध्ये म्हणाली, त्याचा अर्थ चूक तिची होती असा होता. मी पुढे विचारले असते तर तिने सांगितले असते. तिनेही पावणेतीन वर्षे तुझ्यासारखेच काढली, त्याच टेबलावर जेवत.

मी तिला काल विचारले आणि आज सकाळी चहाच्या वेळी पुन्हा विचारले. दोन्ही वेळा तेच सांगितले, शब्दसुद्धा बदलला नाही. तुझे मन राखायला ती रचून सांगत असती तर मला कळले असते. तेवढे एक मला येते.

अहवाल मी लिहिणार नाही. तो तुम्हा दोघांचा आहे.

फोनवर बोल म्हणालो तर ती नको म्हणते. तिला तुला समोर बघायचे आहे. हे पत्र लिहायला बसलो तेव्हा ती साडी बदलायला गेली होती, आता दारात चपला घालून, काठी हातात घेऊन उभी आहे आणि मी काय एवढे लिहितो आहे असे विचारते आहे. तेव्हा हे टपालात टाकत नाही. खाली रिक्षा थांबवून ठेवली आहे, आम्हीच घेऊन येतो.

अण्णा